पगार पुण्याचा, पत्ता पोर्तुगालचा: डी-८ व्हिसा कसा काढायचा

दुसऱ्या देशातल्या कंपनीचे काम पोर्तुगालमध्ये बसून करू देणाऱ्या डी-८ व्हिसाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो लिस्बनमधल्या घरभाड्याचा. मग विम्याचा, मग हवामानाचा. ‘माझी कंपनी लेखी परवानगी देईल का?’ हा प्रश्न बहुतेक जण सगळ्यात शेवटी विचारतात, आणि अर्ज अडतो तो तिथेच. म्हणून या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी कंपनी आणि सीए, मग कागद, आणि घर, विमान वगैरे त्यानंतर. व्हिसाची फाइल तयार करणे चिकाटीचे काम आहे, पण अवघड नाही. नोकरी भारतातली आणि राहणे युरोपातले, हे कायद्याने आणि करांच्या हिशेबात बसवणे अवघड आहे.

हा व्हिसा कोणासाठी

पोर्तुगालने २०२२ च्या ऑगस्टमध्ये परदेशी नागरिकांविषयीचा कायदा बदलला आणि ३० ऑक्टोबर २०२२ पासून दुसऱ्या देशातल्या कंपनीसाठी दूरस्थ काम करणाऱ्यांना हा व्हिसा खुला झाला. त्याचे दोन प्रकार आहेत. एक तात्पुरत्या मुक्कामाचा, जास्तीत जास्त एक वर्षाचा. दुसरा निवासाचा. हा व्हिसा स्वतः चारच महिन्यांचा असतो आणि त्यावर दोनदा प्रवेश करता येतो. या चार महिन्यांत तिथे जाऊन दोन वर्षांचा निवास परवाना काढायचा, जो पुढे तीन वर्षांसाठी वाढतो.

वर्षभर राहून परत यायचे असेल तर पहिला प्रकार निवांत. एजंट दुसऱ्याचीच भलामण करतात, कारण त्यात त्यांचे काम जास्त आणि फीही जास्त. तिथे खरोखर घर करायचे असेल तरच दुसऱ्याच्या मागे लागा. या लेखात पुढे जे आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

‘टुरिस्ट म्हणून जा, कागद तिथे गेल्यावर करू’ असे अजूनही कोणी सांगत असेल तर तिथून उठून या. तशी एक वाट पूर्वी होती. पोर्तुगीज सरकारने ती जून २०२४ मध्ये बंद केली. आता व्हिसा भारतातूनच काढून जायचे.

कंपनीचे पत्र

नोकरदाराला दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. नोकरीचा करार, आणि ही नोकरी पोर्तुगालमध्ये बसून करायला कंपनीची हरकत नाही असे पत्र. एचआरकडे मागितल्यावर जे ठरावीक ‘टू हूम सो एव्हर’ पत्र मिळते त्याने भागत नाही. पत्रात तुमचे पद, रुजू झाल्याची तारीख, महिन्याचा पगार, नोकरी कायमस्वरूपी असल्याचा उल्लेख आणि ‘पोर्तुगालमधून दूरस्थ काम करण्यास परवानगी आहे’ हे वाक्य देशाच्या नावासकट हवे. ‘घरून काम करण्यास परवानगी’ एवढ्याचा उपयोग नाही, कारण घर कोथरूडमध्येही असते.

कंपनीला हे पत्र देताना धास्ती का वाटते, ते समजून घेतले तर बोलणे सोपे जाते. कर्मचारी दुसऱ्या देशात बसून वर्षानुवर्षे काम करू लागला की त्या देशाचे करखाते ‘तुमचे इथे कायम आस्थापन आहे’ असे म्हणू शकते. मग कंपनीच्या नफ्याच्या काही भागावर तिथे कर मागितला जाण्याची शक्यता असते. विक्रीचे करार करणाऱ्याच्या बाबतीत हा धोका मोठा, कोड लिहिणाऱ्याच्या बाबतीत बराच कमी. दुसरी चिंता ग्राहकाच्या डेटाची. बँकिंग किंवा आरोग्य क्षेत्रातल्या प्रकल्पांत ‘काम भारतातूनच’ असे कलम करारातच असते, तिथे तुमच्या मॅनेजरच्या हातात काही नसते. म्हणून एचआरकडे जाण्याआधी आपण कोणत्या प्रकल्पावर आहोत ते पाहा, आणि गरज पडली तर आधी प्रकल्प बदलून घ्या.

तिसरा मुद्दा सामाजिक सुरक्षेचा. भारत आणि पोर्तुगाल यांच्यात त्याचा करार आहे आणि तो २०१७ पासून लागू आहे. कंपनीने स्वतः कर्मचाऱ्याला तिकडे पाठवले असेल तर ईपीएफओकडून सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज, म्हणजे वर्गणी भारतातच भरली जात असल्याचा दाखला, काढून दोन्हीकडे वर्गणी भरणे टाळता येते. पण तुम्ही हौसेने जात असताना कंपनी ‘आम्ही पाठवले’ असे लिहून देईल का, हे आधी विचारून घ्या. जाता जाता: स्पेनचाही असाच व्हिसा आहे, पण ईपीएफओच्या करारांच्या यादीत स्पेन नाही. त्यामुळे भारतीय कंपनीतल्या नोकरदाराला तिथे हाच कागद उभा करता येत नाही. पोर्तुगालची वाट बरी वाटते त्याचे हे एक कारण आहे.

सीटीसीवर जाऊ नका

अट अशी आहे की मागच्या तीन महिन्यांचे सरासरी उत्पन्न पोर्तुगालच्या किमान मासिक वेतनाच्या चौपट हवे. २०२५ मध्ये किमान वेतन ८७० युरो होते, २०२६ साठी ते ९२० आहे. म्हणजे आता महिन्याला ३,६८० युरो. युरो शंभर रुपयांना धरला तरी ३ लाख ६८ हजार, वर्षाचे ४४ लाखांच्या वर. दर जानेवारीत किमान वेतन वाढते, म्हणून डिसेंबरात जेमतेम बसणारी फाइल जानेवारीत बसेलच असे नाही.

खरी गडबड इथे होते. समजा तुमचा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ४८ लाख आहे. कागदावर अट पार झाली. पण या ४८ लाखांत कंपनीचा पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, वर्षाच्या शेवटी मिळणारा व्हेरिएबल पे आहे. हे सगळे बाजूला ठेवले, नव्या करप्रणालीने टीडीएस कापला, तुमच्या वाट्याचा पीएफ गेला, की खात्यात महिन्याला तीन लाखही जेमतेम येतात. फाइल तपासणारा माणूस सॅलरी स्लिप आणि बँक स्टेटमेंट शेजारी ठेवून पाहतो. एकूण पगाराचा आकडा धरायचा की हातात येणारा, हा वाद घालत बसण्यापेक्षा हातात येणारा आकडाच अटीच्या वर असताना अर्ज करणे शहाणपणाचे. मार्चमध्ये बोनस आला म्हणून जानेवारी ते मार्चची सरासरी फुगवू नका. स्लिपवर ‘अ‍ॅन्युअल बोनस’ असे स्वच्छ लिहिलेले असते.

उत्पन्नाखेरीज शिल्लकही दाखवावी लागते. एका माणसासाठी बारा महिन्यांचे किमान वेतन, म्हणजे ११,०४० युरो, हा हिशेब धरून चाला. सोबत येणाऱ्या प्रौढासाठी त्याच्या निम्मे आणि प्रत्येक मुलासाठी ३० टक्के वाढवा. ही रक्कम मित्राकडून घेऊन आठवडाभर खात्यात ठेवली तर स्टेटमेंटमध्ये ती डोळ्यांत भरतेच.

फ्रीलान्सरांचे गणित निराळे. त्यांना ग्राहकांशी झालेले करार किंवा प्रत्यक्ष दिलेल्या सेवेचे पुरावे चालतात. करार, त्यावरची इन्व्हॉइस आणि तीच रक्कम बँकेत जमा झाल्याची नोंद, ही साखळी कुठेही तुटता कामा नये. पैसे पेओनीअरसारख्या सेवेतून येत असतील तर ग्राहकाचे नाव बँक स्टेटमेंटवर दिसतच नाही, म्हणून त्या सेवेचे स्वतंत्र स्टेटमेंट जोडा. जीएसटीचा एलयूटी (कर न भरता सेवा निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) आणि दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे असतील तर फाइलला वजन येते. अमेरिकन ग्राहकाशी सगळा व्यवहार फक्त ईमेलवर चालत असेल तर आताच एक साधा दोन पानी करार करून घ्या.

विमान कधीचे, हा सीएचा प्रश्न आहे

अर्ज भरण्याआधी सीएकडे एक तास बसा. शक्य असेल तर पोर्तुगालमधल्या कर सल्लागाराशीही बोला.

पोर्तुगालमध्ये कोणत्याही बारा महिन्यांत १८३ दिवसांपेक्षा जास्त राहिलात, किंवा कायम राहण्याच्या इराद्याने घर केले, की तुम्ही तिथले करनिवासी. मग जगभरातल्या उत्पन्नावर तिथे कर. वरचा टप्पा ४८ टक्क्यांचा आहे आणि आपल्याकडे जे उत्पन्न ‘बरे’ म्हणतात तेवढ्यावरही तिथे चाळीस टक्क्यांच्या पुढचा टप्पा लागतो. नव्याने येणाऱ्यांना दहा वर्षे सवलतीचा कर देणारी एनएचआर नावाची जुनी योजना नव्या अर्जदारांना बंद झाली. तिच्या जागी आलेली योजना संशोधन आणि नवोन्मेषाच्या ठरावीक कामांपुरती आहे. जुने व्हिडिओ पाहून ‘तिथे वीसच टक्के कर’ असे गृहीत धरणारे लोक इथे सापडतात.

भारताच्या बाजूने आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, पोर्तुगालचे जानेवारी ते डिसेंबर. एका वर्षात भारतात १८२ दिवस झाले की तुम्ही त्या वर्षापुरते इथले निवासी, आणि १ एप्रिलपासून मोजले तर २९ सप्टेंबरला १८२ भरतात. म्हणजे ऑगस्टमध्ये गेलेला आणि ऑक्टोबरमध्ये गेलेला यांचा त्या वर्षीचा कर वेगळा. गणपती करून जायचे की दिवाळी, हा प्रश्न घरात भावनेने सोडवला जातो. त्यात सीएचेही मत घ्या.

अनिवासी झाल्यावरही पगार भारतातल्या खात्यात जमा होत राहिला तर भारताचा आयकर त्यावर हक्क सांगतो आणि कंपनी टीडीएस कापतच राहते. काम पोर्तुगालमध्ये बसून होते म्हणून तोही देश कर मागतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, त्यामुळे एकाच पैशावर दोनदा पूर्ण कर बसत नाही. पण ती सवलत आपोआप मिळत नाही. पोर्तुगालच्या करखात्याकडून निवासी असल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, दोन वेगळ्या आर्थिक वर्षांचे उत्पन्न महिन्यामहिन्याने जुळवावे लागते, आणि परतावा येईपर्यंत पैसे अडकतात. तिथले विवरणपत्र १ एप्रिल ते ३० जून या काळात भरायचे असते.

फ्रीलान्सर तिथे स्वयंरोजगारी म्हणून नोंद करतो आणि करखात्याच्या पोर्टलवरून पावत्या काढतो. सामाजिक सुरक्षेची वर्गणी सेवेच्या उत्पन्नाच्या ७० टक्के रकमेवर २१.४ टक्के दराने बसते. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्याला पहिले बारा महिने ती माफ असते. तेराव्या महिन्याचा हिशेब आजच करून ठेवा.

इथली खातीही विसरू नका. अनिवासी झालात की साधे बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या खात्यात, बदलून घ्यावे लागते. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालवता येते, पुढे वाढवता येत नाही.

निफ, बँक, घर

निफ म्हणजे पोर्तुगालचा करक्रमांक, आपल्या पॅनसारखा. भाडेकरार, बँक खाते, मोबाइलचे कनेक्शन, सगळे त्यावर चालते. भारतात बसून काढायचा तर तिथला वकील किंवा प्रतिनिधी नेमून मुखत्यारपत्राने काढतात. निफ निघाला की बँक खाते. भारतातून तिथे बचतीचे पैसे पाठवताना ते एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या परदेशी पैसे पाठवण्याच्या योजनेखाली जातात आणि आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम हाताशी नसते. मार्चच्या शेवटी थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे असे पाठवले तर बऱ्याच जणांचे त्यातच भागते.

घर हा फाइलमधला सगळ्यात महाग कागद, कारण व्हिसा हातात नसताना भाडे सुरू होते. बारा महिन्यांचा, करखात्याकडे नोंदवलेला भाडेकरार सगळ्यात भक्कम. सुट्टीच्या घराचे थोड्या दिवसांचे बुकिंग दाखवून निवासाचा व्हिसा मागणे म्हणजे नशिबावर हवाला. लिस्बनमध्ये एका बेडरूमचे बरे घर हजार युरोच्या आत मिळणे कठीण झाले आहे. ब्रागा, कोइंब्रा, सेतुबल ही शहरेही यादीत ठेवा. घरमालक स्थानिक जामीनदार मागतात. तो नसेल तर काही महिन्यांचे भाडे आगाऊ देण्यावर बोलणी होतात. करारात ‘व्हिसा नाकारला गेल्यास करार रद्द’ हे कलम घालून घ्या. प्रत्यक्ष किंवा वकिलामार्फत घर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

पोलीस क्लिअरन्स आणि नावांचा घोळ

पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, पासपोर्ट सेवा पोर्टलवरूनच काढायची, शुल्क ५०० रुपये. अर्जात देश निवडताना पोर्तुगाल निवडा. पासपोर्टवरचा पत्ता आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल तर पोलीस पडताळणीला वेळ लागतो. साताऱ्याचा पासपोर्ट आणि मुक्काम वाकडमध्ये असेल तर हे आलेच. हातात आल्यावर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणीकरण, करून घ्यायचे. मंत्रालयाचे शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, वर नेमलेल्या एजन्सीचा आकार. पीसीसी फार आधी काढू नका. अर्जाच्या दिवशी ती तीन महिन्यांच्या आतली असलेली बरी. मागच्या काळात दुसऱ्या देशात वर्षाहून जास्त राहिला असाल तर तिथलीही लागते. ऑनसाइटला, म्हणजे कंपनीच्या कामासाठी परदेशात, राहून आलेल्यांनी याला सगळ्यात जास्त वेळ धरावा.

लग्नाचा आणि जन्माचा दाखला कुटुंबासाठी लागतो. महाराष्ट्रात निघालेल्या दाखल्यावर आधी राज्य पातळीवरचे प्रमाणीकरण आणि मग अपोस्टिल. दाखला नुसता मराठीत असेल, आणि ग्रामपंचायतीचे जुने दाखले असतातच, तर आधी इंग्रजीतली प्रत मिळते का ते कार्यालयात विचारा. नाही मिळाली तर प्रमाणित भाषांतर.

आता आपल्या नावांकडे. समजा पासपोर्टवर आहे ‘स्नेहल राजेंद्र’ आणि आडनाव ‘जाधव’. बँकेत आहे ‘स्नेहल आर जाधव’. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर नवऱ्याचे नाव मधे. कंपनीच्या पत्रात नुसते ‘स्नेहल जाधव’. आपल्याला यात एकच बाई दिसते. फाइल पाहणाऱ्याला तीन दिसू शकतात. पासपोर्टवरचे नाव जसेच्या तसे, स्पेलिंगसकट, कंपनीच्या पत्रात आणि बँकेत करून घ्या. जे बदलता येत नाही त्यासाठी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र नोटरी करून जोडा. शेंद्रेचे एका कागदावर इंग्रजीत ‘शेंडरे’ झालेलेही चालत नाही, हे गृहीत धरा.

अर्ज

व्हिसाचा अर्ज, दोन फोटो, पासपोर्ट आणि त्याच्या प्रती, वैद्यकीय खर्च आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरणारा प्रवास विमा, अपोस्टिल झालेली पीसीसी, पोर्तुगीज यंत्रणेला तुमची गुन्हेविषयक नोंद तपासण्याची परवानगी देणारा फॉर्म, घराचा कागद, कंपनीचे पत्र आणि करार, तीन महिन्यांच्या स्लिपा आणि स्टेटमेंट, करनिवासाचा पुरावा. याच क्रमाने लावा. वर एक पानी पत्र ठेवा: मी कोण, काय काम करतो, कुठे राहणार, किती मिळवतो, कोणता पुरावा कुठल्या पानावर. अधिकाऱ्याला शोधाशोध करावी लागली नाही तर ते तुमच्याच फायद्याचे.

अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जमा होतो. निर्णय तुमच्या राहत्या राज्यानुसार दिल्लीची वकिलात किंवा पणजीचे महावाणिज्य दूतावास घेते. कायद्याने मुदत ६० दिवसांची आहे. मधे जादा कागद मागितले तर दिलेल्या तारखेच्या आत पाठवा, ईमेलचा स्पॅम फोल्डर रोज पाहा. निर्णय येईपर्यंत घर विकणे, मुलांच्या शाळेचा दाखला काढणे यातले काही करू नका.

गोव्याच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. आईवडील किंवा आजीआजोबा १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेले असतील तर त्यांचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात नोंदवून थेट पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग असू शकतो. मग या व्हिसाची गरजच नाही. मात्र भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तो मार्ग घेतला की भारतीय पासपोर्ट जातो, आणि त्यापुढचे प्रश्न एका कुटुंबाने बसून ठरवायचे आहेत.

पोहोचल्यावर

निवास परवाना देणारी संस्था म्हणजे आइमा. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती सेफ या जुन्या स्थलांतर विभागाच्या जागी आली आणि २०२४ मध्ये तिच्याकडे चार लाखांच्या आसपास प्रकरणे तुंबली होती. म्हणून भेटीची तारीख व्हिसासोबतच मिळाली आहे का हे पासपोर्ट हातात पडताच तपासा. नसेल तर त्याच आठवड्यात मागे लागा. भेटीला मूळ कागदांचा सगळा संच न्या, व्हीएफएसला दिलेल्या प्रतींसकट. भेटीच्या आधी तुमच्या भागातल्या स्थानिक परिषद कार्यालयातून, म्हणजे जुन्ता द फ्रेगेझियातून, राहत्या पत्त्याचा दाखला काढून ठेवा. सामाजिक सुरक्षेचा निस क्रमांक आणि सरकारी आरोग्यकेंद्राचा क्रमांक त्यानंतर.

कामाच्या वेळेचेही बोलून ठेवा. पोर्तुगाल हिवाळ्यात भारताच्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. पुण्याचे सकाळी दहाचे स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, जानेवारीत तुमच्याकडे पहाटे साडेचारला येते. कंपनीच्या पत्रात कामाच्या वेळांचा उल्लेख असेल तर तो तुम्हाला झेपेल असा लिहून घ्या.

कुटुंब मागाहून आणू, असा विचार असेल तर २०२५ च्या ऑक्टोबरमधला बदल लक्षात घ्या. कुटुंब एकत्रीकरणासाठी आता सर्वसाधारणपणे दोन वर्षांचे वैध वास्तव्य लागते. अल्पवयीन मुले आणि काही ठरावीक प्रकारच्या परवानाधारकांना त्यात सूट आहे. तुम्ही कशात बसता हे वकिलाकडून लेखी घ्या. ‘पाच वर्षांत युरोपचा पासपोर्ट’ ही जाहिरातही जुनी झाली. कायम निवासासाठी पाच वर्षे धरतात. नागरिकत्वाची मुदत दहा वर्षांवर नेण्याच्या बाजूने तिथल्या संसदेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मतदान केले.

परवाना मिळाल्यावर सलग सहा महिने, किंवा परवान्याच्या एकूण मुदतीत तुटक मिळून आठ महिन्यांहून जास्त, पोर्तुगालबाहेर राहिलात तर तो रद्द होऊ शकतो. गावी आईवडिलांचे आजारपण निघाले किंवा बाळंतपणासाठी माहेरी येणे झाले तर हे आठ महिने लवकर सरतात. अशा कारणांसाठी आधी आइमाला लेखी कळवून, डॉक्टरांचे कागद जोडून ठेवता येतात. बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के यांची एक फोल्डर पहिल्या दिवसापासून ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी तारखा स्वतःच मांडाव्या लागतात, आणि पहिल्या दोन वर्षांचे भाडे, करविवरण आणि सामाजिक सुरक्षेच्या पावत्या त्याच फोल्डरमधून द्यायच्या असतात.